अप्पांचं त्रिफळा चूर्ण आणि पिंगळे काकूंच्या चकल्या

माझ्या सासऱ्यांच्या मते जगात आजार एकच आहे : पोट साफ नसणे. बाकीचे सगळे त्याचे नातेवाईक!

आणि औषधही एकच. त्रिफळा चूर्ण. हिरडा, बेहडा, आवळा. ओझरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून अप्पांनी (म्हणजे सासऱ्यांनी) सातपूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्याचा प्रचारच मांडला होता. कुणाचे केस गळोत, डोळे चुरचुरोत, नाहीतर मुलगा गणितात गटांगळ्या खावो, अप्पांचं उत्तर ठरलेलं. "झोपताना एक चमचा, कोमट पाण्यातून!"

सत्त्याण्णव सालची गोष्ट. लग्नानंतरची माझी पहिलीच दिवाळी. अप्पांचा खांदा दुखावला होता, त्यामुळे वर्षाचं चूर्ण खलबत्त्यात कुटणं त्यांना जमेना. मिक्सरला तर सक्त मनाई.

"मिक्सरमध्ये गरम होतं, गुण जळतात. तू गिरणीतून दळून आण."

आता पिठाच्या गिरणीत हिरडा कोण दळू देईल? पण मला गुणी सून व्हायची भलतीच घाई झाली होती. मी एक गव्हाचा आणि एक त्रिफळ्याचा डबा घेऊन गेले आणि त्रिफळ्याचा पुढे करून गिरणीवाल्याला बेधडक सांगितलं, "उपासाची भाजणी आहे."

त्यानं झाकण उघडलं. "एवढी काळी?"

"जरा जास्त भाजली गेली."

"नवीन लग्न झालंय ना?" तो कळवळून म्हणाला. "होतं असं. शिकाल हळूहळू." आणि ओतला की डबा!

(गिरणीचा नियम तुम्हाला माहीत असेलच. आधीच्याचं थोडं पीठ आत राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात पडतं. म्हणून तर आधी काय दळलं ते विचारल्याशिवाय कुठलीच बाई आपला डबा पुढे करत नाही.) त्रिफळ्यामागे नंबर माझ्याच गव्हाचा होता. म्हणजे आठवडाभर कडू पोळ्या! मी मागे वळून पाहिलं. शेजारच्या पिंगळे काकू चकलीची भाजणी घेऊन उभ्या होत्या.

"काकू, तुमचं घ्या आधी. मला काही घाई नाही."

"आधी काय दळलंय गं?"

"भाजणीच. उपासाची."

"मग छानच की! किती गुणी गं तू!" काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला. मला लाज वाटली. पण डबा परत पुढे करावा इतकी नाही.

पिंगळे काकूंच्या चकल्या म्हणजे आमच्या बिल्डिंगची शान. त्या वर्षी मात्र त्या काळपट झाल्या आणि तेलात तुटल्या. तरी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी फराळाची ताटं आठही घरांत पोचली. आमच्याकडे अप्पांनी चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"वा! हिरडा!"

"काहीतरीच काय!" सासूबाई म्हणाल्या.

"पन्नास वर्षं खातोय, मला शिकवतेस?" आणि त्यांनी दुसरी उचलली. माझ्या हातातली चकली गुपचूप ताटात परत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अख्खी बिल्डिंग अभ्यंगस्नानाला उठली, पण मोरीपर्यंत कुणी पोचेना. गर्दी मोरीशेजारच्या दाराशी! सातच्या आत गच्चीवरची टाकी रिकामी. पिंगळे काका जिन्यात रिकामी बादली घेऊन ओरडत होते, "अरे, पंप लावा! कुणीतरी पंप लावा!" एकटे अप्पा (त्यांच्या पोटाला सवयच होती) उटण्याचा वास दरवळवत प्रसन्न फिरत होते.

दुपारी काकू आमच्या स्वयंपाकघरात येऊन मटकन बसल्या. "बत्तीस वर्षं चकल्या करतेय मी. हातच गेला गं माझा! आता लोकांना आजारी पाडायला लागले. पुढच्या वर्षीपासून विकतच्या आणणार." आणि पदरात तोंड लपवून रडायला लागल्या.

मी नवी नवरी म्हणून आले, तेव्हा बाजूला घेऊन "पोटभर जेवलीस ना?" असं विचारणाऱ्या या एकट्याच. मला स्वतःची भयंकर चीड आली.

"काकू, तुमचा हात चुकला नाही," मी म्हटलं. "मी खोटं बोलले." आणि सगळं सांगून टाकलं. सासूबाईंचा हात कपाळावर गेला.

डोळे पुसून काकू उठल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"चल."

"कुठे?"

"घरोघर. हेच सगळ्यांना सांगायचं!"

पाच दारं झाली. प्रत्येक दारात काकू मला पुढे ढकलायच्या. "सांग, कुणामुळे झालं?" "माझ्यामुळे." तिसऱ्या दारापासून तर मी हातवारेही करायला लागले. लोक हसून बेजार, आणि मजल्यागणिक काकूंची मान ताठ!

शेवटचं दार वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"ते असू दे. चकल्या उरल्यात का? कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं."

"आत्ता पाठवते!" काकू खुलून म्हणाल्या.

मग आजोबा माझ्याकडे वळले. "आणि पोरी, तुमच्याकडून आलेल्या ताटात शंकरपाळ्या होत्या, त्या तू केल्यास ना? त्यात काय मिसळलं होतंस?"

"काहीच नाही हो, आजोबा!" मी छातीवर हात ठेवून सांगितलं. "मैदा, साखर आणि घरचं साजूक तूप. बाकी काही नाही!"

आजोबा जरा पुढे वाकले.

"मग त्या तशा का लागल्या?"