लिंबाजीचं यिन

लिंबाजी माणसाला रामराम करायच्या आधी जीभ काढायला सांगायचा. नंदुरबारात स्टेशनाच्या वाटेवर त्याचं दात बसवायचं दुकान होतं. माणूस चिनी, मूळ नाव लिन. बाजाराला ते अपुरं वाटलं, म्हणून लिंबाजी.

मी तेव्हा भोंदू वैदूंविरुद्ध पत्रकं वाटत होतो. याच्यावरही एक काढायचं म्हणून गेलो आणि दारातूनच भडकलो. माझं तोंड उघडं होतं तेवढ्यात त्यानं आत डोकावून घेतलं.

"आग जास्ती नहीं. पानी कम. पतेली जलता है."

अंगातल्या त्या पाण्याला त्याच्या देशात यिन म्हणतात. ते आटलं की तळवे जळतात, घसा सुकतो, झोपेत घाम फुटतो. आणि माणसाला वाटतं, आपल्यात फार जोर आहे. पत्रक मी काढलं नाही. पटलं म्हणून नव्हे. थकलो होतो.

झेलूबाई जिनमध्ये कामाला होती. कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला आमच्याकडे जिन म्हणतात. हंगामात बाया पहाटेपासून दिवे लागेपर्यंत त्या धुळीत राबत. शेठ गब्बर, बाया खोकत. दाढ दुखते म्हणून ती लिंबाजीकडे आली. तिची जीभ पाहून, तळव्याला हात लावून तो म्हणाला, "बाई, यिन कम है."

"जिन कमी?" ती माझ्याकडे वळून हसली. "ऐक दादा, हाऊ सांगस जिन कमी कर! मंग मुकादम हाजरी काटी टाकी ना!"

मी चूक दुरुस्त केली नाही. का करावी? थोड्याच दिवसांत सगळ्या बाया मुकादमाला सांगू लागल्या: डाक्टरनं जिन कमी करायला सांगितलंय, दुपारी सुट्टी द्या.

मुकादम दुकानात आला. गाळा जिनच्या शेठचाच होता. झेलूबाई आणि मी तिथेच बसलो होतो.

"ए चिन्या, तू जिन बोलला का तुझं ते यिन? नीट सांग, नाहीतर गाळा खाली कर."

एका अक्षराचा प्रश्न होता. लिंबाजी चिमटा पुसत राहिला.

"पहले यिन बोला," तो म्हणाला. "अब जिन बोलता."

गाळा खाली करून, सुरतेच्या गाडीची वाट पाहत लिंबाजी फलाटावर पत्र्याच्या ट्रंकेवर बसला होता. मी चिडून म्हटलं, "खरं तेच सांगायचं होतं. यिन म्हणाला असतास तर दुकान राहिलं असतं."

"यिन का दवा नींद है, बाबू. जिन कम नहीं, तो बाई सोएगा कब?" एवढं बोलूनही त्याला दम लागला.

दुसऱ्या दिवशी झेलूबाई कामावर गेली नाही. मी तिच्या ओट्यावर होतो तेव्हा मुकादमाचा माणूस येऊन ओरडला, "आज नही उनी ते परत येवू नको!"

"सांग त्याले," ती आतूनच म्हणाली, "आज मी झोपसू."

मग गोधडी ओढल्याचा आवाज आला.