खालच्या ओळीतली कळशी

गेल्या महिन्यात माझे थोरले भाऊ चांदूर रेल्वेहून अमरावतीला माझ्याकडे आले, ते चहा नको म्हणत पायरीवरच बसले. “सिस्टर गेल्या... तापानं,” एवढंच बोलले. सिस्टर क्लारा आमच्या गावात मिशनचा छोटा दवाखाना चालवत. मूळच्या मंगळूरकडच्या, पण मराठी शिकल्या रोग्यांकडून. ‘मले’, ‘तुले’ असं ठणकावून बोलत आणि मी पडले मास्तरीण, या बोलीवरून त्यांची यथेच्छ थट्टा करायची.

दवाखान्याच्या विहिरीवर दोर-बादली होती, पण ती विहीर उन्हाळ्यात आटे. मग पाणी गावविहिरीवरून आणायचं. तिथे बौद्ध वस्तीतल्या बाया ओट्याखाली कळश्या मांडून बसत. ओट्यावर सवर्ण बाया आपापल्या कळशीच्या गळ्याला दोर बांधून पाणी ओढत; त्यांच्यातल्या एखादीला सवड झाली की ती खाली पाणी वाढायची. सिस्टरना वर जायला कुणाची आडकाठी नव्हती. तरी एका उन्हाळ्यात त्या खालच्या ओळीत जाऊन उभ्या राहिल्या. पोरांनी कळशीत शेण टाकलं, ते काढून पुन्हा तिथेच. माझी वहिनी ओट्यावरून अजिजीनं म्हणाली, “वर या ना सिस्टर, आमाले लाज वाटते.”

“या साऱ्याजणी आल्या का मी येईन,” सिस्टर म्हणाल्या.

गावाला ते सोसेना. शेवटी पंचांनी तोडगा काढला, वस्तीसाठी निराळी विहीर. परवा शोकसभेत जो तो त्या विहिरीचं श्रेय सिस्टरना देत होता. मला तिथे बसवेना. त्या विहिरीला पाणी लागलं, गुलाल उधळला, तेव्हा सिस्टर दवाखान्याच्या ओसरीत रडत होत्या. “वर घ्याचं नाई म्हणून यायनं जमीन खोदली,” त्या मला म्हणाल्या.

बाया नव्या विहिरीवर गेल्या. सिस्टर मात्र जुन्या ओट्याखाली एकट्याच उभ्या राहू लागल्या. अकोल्याहून मोठ्या सिस्टर येऊन समजावून गेल्या, उपयोग झाला नाही. वस्तीतली गयाबाई, त्यांची जिवाभावाची, तीही एकदा चिडली. “आमाले पाणी भेटलं ना? आता कायले उभ्या रायता?” सिस्टर कळशी उचलून पुन्हा ओट्याखाली गेल्या. मलाही राग यायचा. थकलेली बाई, शेजारी भरलेली विहीर आणि हा हट्ट नेमका कुणासाठी? अजूनही मला त्याचा उलगडा होत नाही...

मातीनंतर आम्ही दवाखान्यात गेलो. कळशी दाराशी पालथी होती. वहिनीनं ती उचलली आणि कितीतरी वेळ तिच्या गळ्यावरून बोट फिरवत राहिली. आमच्या घरच्या साऱ्या कळश्यांचे गळे दोरानं झिजलेत. सिस्टरच्या कळशीचा गळा अजून कोरा आहे.