माणूस देऊ नका

भाऊ पलटणीत गेला तो घरी न सांगता. शहापूरच्या बाजारात विळे घ्यायला गेला आणि भरतीच्या तंबूत, आपल्याला अंगठ्याऐवजी सही करता येते हे दाखवायला, सही करून आला. सही मीच शिकवली होती. मी शेणव्याच्या शाळेत मास्तर होतो.

वर्षभराने त्याचं पत्र आलं की पलटण समुद्रापार निघाली आहे. त्या दिवसापासून बापाला घास उतरेना. लढाईविरुद्ध एकेकाने चारचौघांत बोलायचं आणि तुरुंगात जायचं, अशी चळवळ तेव्हा सुरू होती. बापाला त्यातून युक्ती सुचली.

"तू जा रे तुरुंगात," तो म्हणाला. "चोराच्या भावाला खळ्याच्या राखनीला कोन ठेवतंय? तू सरकारचा वैरी झालास की त्याला देतील हाकलून घरी."

मी चार पुस्तकं वाचलेला माणूस. मला हसू यायला हवं होतं. पण त्याला परत आणण्याचा दुसरा उपाय त्या चार पुस्तकांत नव्हता.

आपल्या मर्जीने देशभक्त होण्याची मात्र सोय नव्हती. मुरबाडच्या एका वकिलांची मंजुरी लागे. दिवसभर चालून त्यांच्याकडे पोचलो.

"सूत कातता?"

"नाही."

"घरचं कोणी पलटणीत आहे?"

"धाकटा भाऊ."

"म्हणजे दोन्ही डगरींवर हात!" त्यांनी चष्मा पुसला. "आधी सूत काता, मग देशाचं बघू."

तीन आठवडे टकळी फिरवली. भावाची बायको, माझी भावजय, बघत होती. "दादा, याच्यानं गोधडी पन शिवता येनार नाय," ती म्हणाली, आणि तुटलेला धागा जोडून माझ्या हातात दिला. चळवळीतलं तिचं काम एवढंच, पण माझ्यापेक्षा मन लावून केलेलं.

मंजुरी मिळाली. चळवळीच्या नियमाप्रमाणे मामलेदारांना अर्जाने आधी कळवलं: अमुक दिवशी, शहापूरच्या बाजारात, सकाळी दहा वाजता मी गुन्हा करीन. पोलीस वेळेआधीच हजर होता. मी सुक्या मासळीच्या रांगेपाशी उभा राहिलो आणि ओरडलो, "या लढाईला माणूस देऊ नका!" 

पोलिसाने माझा अर्ज उघडून पाहिला. "मास्तर, पैसा देऊ नका, ते ऱ्हायलं. दोन गोष्टी लिवल्यात तुमी."

पैशाचं मला आठवेना. त्याने तेवढ्यावरच धरलं.

मामलेदार मला देशद्रोही म्हणाले. तुरुंगातून सुटलो तेव्हा वकिलांनी हार घातला आणि देशभक्त म्हटलं. दोघांनीही हेतू विचारला नाही. शाळेत मी पोरांना देशाचा नकाशा काढायला शिकवत असे. त्यात शेणव्याला ठिपकासुद्धा नव्हता. मला त्या देशातला एक माणूस जिवंत हवा होता. देशावरचं प्रेम याहून निराळं कसं असतं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण त्या दिवशी हार गळ्यात होता आणि मी गप्प बसलो. त्याची लाज अजून आहे.

घरी भावाचं पत्र येऊन पडलं होतं. बापाने दुसऱ्याकडून पत्र लिहवून कळवल्याप्रमाणे त्याने स्वतःच साहेबापुढे जाऊन सांगितलं होतं की माझा भाऊ सरकारविरुद्ध तुरुंगात गेला आहे. "साहेब हसला," त्याने लिहिलं होतं. "म्हणाला, तुझी बंदूक नीट पूस. दादा, तुझी नोकरी गेली का रे?"

नोकरी गेली होती. नंतर पत्रं आली नाहीत. शहापूरच्या कचेरीत चौकशी केली की कारकून म्हणे, बातमी नाही म्हणजे चांगलंच आहे.

पावसाळा गेला, भात कापणीला आलं. बाप एका सकाळी कागद घेऊन माझ्यासमोर बसला.

"मास्तराला मोजत नसतील ते," तो म्हणाला. "पन बापाला मोजतील. माजा अर्ज लिव, मी पन जातो तुरुंगात."

"आता काही उपयोग नाही, बाबा."

"लिव रे तू."

भावजय दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने दौत आणून दिली. मी लिहायला घेतलं.