पाटी घेऊन मॉर्निंग वॉक

भाट्याच्या किनाऱ्यावर सकाळी चालणाऱ्यांत सगळ्यात बडबडी मीच. निवृत्तीनंतर नवऱ्याने गिअरची सायकल घेतली, मी बूट घेतले, आणि आता दिसेल त्याला चालायला लावायची मला हौस. मला बघून लोक रस्ता बदलतात म्हणे. बदलू देत, तेवढंच चालणं होतं!

आमच्या आळीत मासे घेऊन येणाऱ्या मावशीला हे सांगायची वेळ येईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं. वर्षानुवर्षं ती डोक्यावर पाटी घेऊन बंदरापासून आमच्या दारापर्यंतची चढण चढायची. मग मुलाने टेम्पो घेतला आणि आईला पुढच्या सीटवर बसवलं. आळीभर त्याचं कौतुक झालं, मीही केलं. आणि बघता बघता मावशीची साखर चढली! डॉक्टरांनी बजावलं, रोज चाला. दिवाळीनंतर पुन्हा रक्त तपासू, साखर उतरली नाही तर इन्सुलिन. याच दुखण्यात तिच्या बहिणीच्या पायाचा अंगठा कापावा लागला होता. सुईचं नाव काढलं तरी मावशीचा चेहरा पडायचा.

"चला की माझ्याबरोबर," मी म्हटलं.

"रिकाम्या हातानं? आमच्यात हसतील, वहिनी. कामाबिगर कोन चालतो?"

"मग पाटी घेऊन चला!"

मी चेष्टेत म्हटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा जेटीवर मासळीच्या लिलावात गुंतलेला असताना मावशी खरंच हजर! डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत थोडे बांगडे. आमची ट्रॅकपँटवाली मंडळी आधी चक्रावली, मग तिच्याभोवती गोळा झाली. मावशीने वाळूत बसून मासे विकायला साफ नकार दिला. "त्या टोकाला पुलापाशी या, मग देते," म्हणाली आणि सुटली. तिच्यामागे आम्ही, धापा टाकत! बांगड्यांसाठी एवढी धावपळ आयुष्यात केली नव्हती. मला तर लहान मुलीसारखा आनंद झाला.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. दिवाळी झाली. तपासणीला मी तिच्याबरोबर गेले. कागद बघून डॉक्टर हसले. "सुई नको. जे करताय तेच चालू ठेवा." मी दवाखान्यातच टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर टेम्पो उभा होता. आई पाटी घेऊन चालते, हे मुलाला कुणीतरी सांगितलं होतं. आईची पाटी काढून घेऊन त्याने टेम्पोत ठेवली होती आणि तो रडवेला झाला होता.

"लोक काय म्हनतील, आये? पोरानं टेम्पो घेतला नि आईला परत वझं उचलायला लावलं?"

आज ती टेम्पोत बसली, तर सगळं संपलं.

"तू मला बसवलंस ते मायेनंच," मावशी म्हणाली. "पन बसून बसून माझा पाय जाईल, बाबा. मग उचलून कुठं कुठं नेशील?"

मुलगा टेम्पोकडे वळला. मग त्याने पाटीतले अर्धे बांगडे काढून टेम्पोत ठेवले आणि पाटी आपल्या हातांनी आईच्या डोक्यावर चढवली.

"जड नाय ना?" त्याने विचारलं.

"तू पोटात होतास तवा पाटी हिच्या दुप्पट भरलेली असायची," मावशी म्हणाली आणि पुलाच्या दिशेने चालू लागली.