चौथ्या पानावरची बायको

ड्रीना वँडरप्लूग पुस्तक वाचायला बसली की आधी पेपरमिंटची एक पांढरी गोळी जिभेवर ठेवायची. चवीसाठी नव्हे, मोजमापासाठी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात तिचं छोटं गाव, आणि त्या गावच्या चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की बाकाबाकावरून पेपरमिंटची पुडी फिरते, आणि पास्टर किती लांबले हे घड्याळापेक्षा पेपरमिंटवरून कळतं. दोन पेपरमिंटचं प्रवचन म्हणजे चांगलं, तीनचं म्हणजे घरी ओव्हनमधलं मांस करपलं. ड्रीनाने तेच माप पुस्तकांना लावलं, एवढंच.

चर्चच्या तळघरात, स्वयंपाकघर आणि बॉयलर यांच्या मधल्या खोलीत, वाचनालय होतं. ते चालवायची ड्रीना. वय एकाहत्तर, लग्न केलेलं नाही, आवाज बारीक आणि मतं ठाम. कपाटांत थोडी बायबलची भाष्यं होती. त्यांच्यावर धूळ होती. बाकी सगळ्या जुन्या काळातल्या प्रेमकथा, भाविक बायकांसाठी लिहिलेल्या. प्रत्येकीच्या मुखपृष्ठावर टोपडं घातलेली एक मुलगी, गव्हाचं शेत आणि लांबवर एक हॅटवाला. कथा धर्माला धरून असल्या तरी हॅटवाल्याचा काय भरवसा? म्हणून नवीन आलेलं प्रत्येक पुस्तक आधी ड्रीना वाचायची. वाचताना दचकून पेपरमिंट दाताखाली कडकन फुटलं, की पुस्तकाच्या पाठीवर एक पांढरा गोल कागद चिकटवायची. दोनदा फुटलं, दोन गोल. तीन गोलांच्या पुढे पुस्तक कपाटात ठेवायचंच नाही.

शिवाय आतल्या बाजूला एक चिठ्ठी असायची, वाचणारीला आधीच सावध करणारी. ‘हात धरणे, सातवे प्रकरण. चुंबन एक, साखरपुड्यानंतर, आटोपशीर. नायक एकदा शिवी देतो, पण बैलाला. रविवारी दोनदा गाडी हाकतात. पत्ते: खलनायकच खेळतो. शयनगृहाचे दार लागते आणि लगेच कोंबडा आरवतो.’ रविवारी, म्हणजे देवाने विश्रांतीसाठी दिलेल्या दिवशी, गाडी हाकण्यावर ड्रीनाचा विशेष राग. चुंबन एक वेळ चुकून घडेल, घोडे काही चुकून जुंपले जात नाहीत, असं तिचं म्हणणं.

आता या सगळ्याचा परिणाम काय झाला, तर बिनगोलाची पुस्तकं वर्षानुवर्षं कोरी करकरीत राहिली आणि तीन गोलांच्या पुस्तकांची बांधणी सुटून आली. पोरीबाळींना काय देऊ नये हे बघायला आया ती नेतात, असा ड्रीनाचा समज होता. तो तिने कधी तपासून पाहिला नाही. काही समज न तपासलेलेच बरे असतात.

तिच्या नेमाच्या गिऱ्हाइकांत एक होता गेरिट रूलोफ्स. जन्मभर डुकरं पाळलेला, सहा फूट उंच, नाकासमोर चालणारा, शब्दाला महाग. शाळेत ड्रीनाच्याच वर्गात होता आणि तेव्हाही बोलत नव्हता. सकाळची उपासना झाली की त्याची बायको तीना स्वयंपाकघरात कॉफी ओतायला जायची आणि हा तिच्या कार्डावर पुस्तकं न्यायला यायचा. “तीनासाठी,” एवढंच म्हणायचा. आठवड्याला तीन-चार. बिचारी तीना, घर सांभाळून किती वाचते, याचं ड्रीनाला कौतुक होतं.

मग एका शरद ऋतूत, मक्याची कापणी चालू असताना, तीना गेली. महिनाभराने गेरिट तळघरात आला, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “तीनासाठी.” ड्रीनाने त्याच्याकडे पाहिलं, तीनाचं कार्ड काढलं आणि शिक्का मारला. पुढल्या रविवारीही मारला. मेलेल्या बायकोच्या नावावर पुस्तकं जातात हे सगळ्या चर्चला माहीत होतं, पण अळीमिळी गुपचिळी. त्या गावात तोंडावर कुणी काही बोलत नाही. गाड्या लावतात तिथे बोलतात.

फक्त एक गोष्ट ड्रीनाला सलायला लागली. पुस्तकं वाचून होत नव्हती. गेरिट उपासनेचं पत्रक खुणेसाठी घालायचा आणि ते पत्रक परत आलेल्या पुस्तकात कायम सुरुवातीलाच, मुखपृष्ठाला जवळजवळ चिकटून सापडायचं.

अशात लव्हिना डे यागर वाचनालय समितीची अध्यक्ष झाली. लव्हिना कुठल्याही समितीची अध्यक्ष व्हायची. केक कापायला चारजण उभे असले तरी तिथे तिची समिती व्हायची. आल्या आल्या तिने कार्डांचा खण उघडला.

“अगं ड्रीना, यातली निम्मी माणसं स्मशानात आहेत. वार्षिक सभेच्या आत मेलेल्यांची कार्डं काढून टाकायची. मेलेल्यांना पुस्तकं देणारं अख्ख्या आयोवात हे एकच वाचनालय असेल.”

“वेळेवर परत तरी आणतात,” ड्रीना म्हणाली.

“आणि रूलोफ्सकडची? न वाचताच परत येतात. जागा अडवायची नुसती. काढ ते कार्ड.”

कार्ड गेलं तर गेरिटला स्वतःच्या नावावर पुस्तकं न्यावी लागणार, आणि टोपडंवालीचं पुस्तक स्वतःच्या नावावर नेण्यापेक्षा तो लोकरी आतल्या कपड्यांवर भर रस्त्यातून चालत गेला असता. म्हणजे तो यायचाच बंद होणार. तीना गेल्यापासून तो दुसरीकडे कुठे जात नव्हता. धान्याच्या कोठारापाशी म्हातारे सकाळची कॉफी प्यायला जमतात, तिथेही नाही. रविवारची दुपार रिकाम्या घरात कशी सरकत नाही हे ड्रीनाला कुणी सांगायला नको होतं. तिला त्याची खरोखर काळजी वाटली आणि तिने ठरवलं, सभेच्या आत याच्याकडून एक तरी पुस्तक पुरं वाचून घ्यायचं. वाचणारा माणूस आहे म्हटल्यावर लव्हिना काय करणार?

अडचण कुठे आहे याविषयी तिला शंकाच नव्हती. बाईमाणसासाठी लिहिलेलं पुस्तक, पुरुषाच्या हाती पडलं, चुंबनाला लाजला असेल. तिने त्याला दोन गोलांवरून एकावर आणलं. परत. बिनगोलाचं दिलं. परत. शेवटी एक असं दिलं की त्यात नायक-नायिका पुस्तकभर दोन वेगळ्या राज्यांत राहून पत्रं लिहितात आणि शेवटच्या पानावर भेटून हस्तांदोलन करतात. तेही पुढल्या रविवारी परत आलं, पत्रक मुखपृष्ठापाशीच.

मग मात्र ड्रीनाने पेपरमिंट तोंडात टाकलं आणि सरळ विचारलं. बाहेर कॉफीची गडबड होती, खोलीत दोघंच होती.

“गेरिट, याच्याहून सोवळं पुस्तक माझ्याकडे नाही. याच्यापुढे वह्याच देते तुला, कोऱ्या. तुला खटकतं तरी काय? मुके?”

“मुक्यांचं काही नाही गं. मुक्यांपर्यंत मी पोचतोच कुठे?”

“मग?”

गेरिटने हॅट एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “चौथ्या पानावर बायको मरते.”

“कुणाची?”

“त्याची. हॅटवाल्याची, पहिली. तापाने जाते, नाहीतर बाळंतपणात. चौथ्या पानावर मरते, सहाव्यावर याची बटणं लावायला कुणी नाही, आणि दहाव्यावर आगगाडीतनं दुसरी उतरते. मेली तिचं नाव काय, ती हसायची कशी, कुणी विचारत नाही. लोणच्याच्या बरण्या तेवढ्या तिने भरून ठेवलेल्या असतात. त्या नवी येऊन खाते.”

ड्रीना म्हणाली, “तीनाने इतकी वर्षं वाचली. ती कधी बोलली नाही असं.”

“तीना?” गेरिट पहिल्यांदाच हसला. “तीनाने जन्मात बियाण्यांच्या कॅटलॉगापलीकडे काही वाचलं नाही. तिला झोप यायची. मी वाचायचो. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात बर्फाने कोंडले गेलो होतो. तिची आत्या एक पुस्तक विसरून गेली होती, ते वाचलं. मग तीना म्हणाली, अरे, आण की माझ्या नावावर, कोण बघतंय.”

म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं, आणि तेसुद्धा ड्रीनाच्या डोळ्यांदेखत, चाळीस वर्षं.

“आणि बघ,” गेरिट म्हणाला, “तेव्हासुद्धा चौथ्या पानावर ती मरायचीच. इतकी पुस्तकं वाचली, एकदाही थांबलो नाही. आगगाडी कधी येते याचीच घाई. मला ती दिसलीच नाही.”

तो कॉफी न घेताच गेला. ड्रीनाच्या लक्षात आलं की तोंडातलं पेपरमिंट कधीच विरघळून गेलंय. तिला स्वतःची लाज वाटली. शेकडो पुस्तकं तिने दाताखाली तपासली होती. बैलाला दिलेली शिवी टिपली, रविवारचे घोडे टिपले, आणि चौथ्या पानावर कधी गोळीला साधा तडाही गेला नव्हता. साप साप म्हणून भुई धोपटली आणि प्रेतावरून पाय टाकून पुढे गेली.

त्या आठवड्यापासून ती कपाट उतरवून पहिली पानं पुन्हा वाचायला लागली. गावाची दफनभूमी पुरली नसती इतक्या बायका निघाल्या. बहुतेक बिननावाच्या. एका पुस्तकात तर घोडीचं नाव होतं, घोडीच्या आईचंही होतं, बायकोचं नव्हतं. ड्रीनाने चिठ्ठ्यांवर नवी ओळ घातली, सगळ्यात वर, मुक्यांच्याही वर: ‘पहिली बायको: पान चार, ताप. नाव दिलेले नाही.’

सभेआधीच्या रविवारी लव्हिना कात्री घेऊनच तळघरात आली. माणसं हॅम घातलेले पाव हातात घेऊन उभी होती. ड्रीनाने तीनाचं कार्ड बाहीत सरकवलं होतं, पण आयुष्यात खोटं बोलायचा सराव नसल्यामुळे ती सारखी बाहीकडेच बघत होती.

“बाहीतलं काढ,” लव्हिना म्हणाली.

ड्रीनाने काढलं. लव्हिनाने कात्री उघडली.

“कापू नकोस,” मागून गेरिट म्हणाला. “नाव बदल. माझं लिही. पहिल्यापासून माझंच आहे ते.”

लव्हिनाची कात्री उघडीच राहिली.

“तू?” लव्हिना म्हणाली. “तू वाचतोस ही?”

“तीन गोलांची जास्त करून. तीनाने चाळीस वर्षं माझ्यासाठी नाव खराब करून घेतलं. आता मेल्यावर तरी तिच्यावर नको.”

खांबापाशी एकीचा नवरा फसकन हसला. त्याची बायको हसली नाही. तिने त्याच्याकडे नुसतं रोखून पाहिलं, आणि तिच्या कार्डावर पुस्तकं कोण वाचतं हे आठवल्यावर त्याने घाईने पाव तोंडात कोंबला.

लव्हिनाने कात्री मिटली. तीनाचं कार्ड गेरिटने शर्टाच्या खिशात ठेवलं आणि नव्यावर सही केली. ड्रीनाने त्याला दोन गोलांचं एक पुस्तक दिलं. त्याने चिठ्ठीतली पहिली ओळ उभ्या उभ्याच वाचली. “आधी सांगितलंस ते बरं केलंस,” म्हणाला.

पुढल्या रविवारी पुस्तक आलं नाही. त्याच्या पुढल्याही नाही. ड्रीनाला वाटलं, झालं, आपणच त्याचं येणं तोडलं. तिसऱ्या रविवारी गेरिट आला. पत्रक शेवटच्या पानात होतं.

“झालं वाचून?” पेपरमिंट गालात सारत ड्रीनाने विचारलं.

“झालं. चौथ्या पानावरच्या बायकोला मी आधी नाव दिलं. मग पुढचं वाचता आलं.”

ड्रीनाने हळूच विचारलं, “तीना?”

“छे. तीनाने मला फाडून खाल्लं असतं. चौथ्या पानावर मरायला तिला वेळ कुठे होता?” गेरिटने दारातून कॉफीच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे लव्हिना चारजणींना बदामाचा केक कसा कापावा ते शिकवत होती. “लव्हिना ठेवलं.”

ड्रीनाच्या दाताखाली पेपरमिंट कडकन फुटलं. नियम तो नियम. तिने खण उघडला आणि पुस्तकाच्या पाठीवर तिसरा गोल चिकटवला.