आधी डोळे बघणारे वस्ताद

आमचे वस्ताद पैलवानाचे दंड नंतर बघत, आधी डोळे. नेवाशाच्या तालमीत शिरताना प्रत्येकाला ते दाराच्या उजेडात उभं करत, अंगठ्यानं खालची पापणी ओढत आणि विचारत, "निजला हुतास, का नुसताच आडवा झाल्तास?" डोळे तांबारलेले दिसले, की त्याला त्या दिवशी मातीत उतरू देत नसत. गावात टिंगलीनं त्यांना 'झोपेवस्ताद' म्हणत.

दुसऱ्या महायुद्धाची ती वर्षं. मी एकोणीस वर्षांचा होतो, दिवसभर गुऱ्हाळावर ऊस वाहायचो. सोनईच्या जत्रेत माझी कुस्ती ठरली होती. जोड श्रीगोंद्याकडचा, माझ्याहून भारी. त्याला गाठायचं म्हणून मी वस्तादांना न सांगता भल्या पहाटे उठून घरीच पाचशे जोर काढायचो, मग तालमीत यायचो. डोळ्यांवर गार पाणी मारून आलो, की वस्तादही फसत. पण महिनाभरात दंड भरायचे सोडून उतरले, दूध पचेनासं झालं, आणि एका सकाळी बैठका मारता मारता मी मातीत बसलोच.

वस्तादांनी खोदून विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. कोपरात वाकडा राहिलेला आपला उजवा हात त्यांनी पुढे केला.

"मी बी ह्येच केलं हुतं. ऐन कुस्तीत हात निघायला उशीर झाला आन् अंगाखाली सापडला. जोर काढून अंग मोडतं, गड्या. भरतं ते निजंत."

ते स्वतः गुऱ्हाळाच्या मालकाकडे गेले आणि माझी दुपारची दोन तासांची सुट्टी मागून आले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ओसरीवर घोंगडी अंथरून द्यायच्या. मी निजलो, की वस्ताद उशाशी बसून माशा वारत. "बाळंतीण निजली का?" म्हणून सोबती हसायचे. पंधरवड्यात मला पुन्हा भूक लागू लागली.

जत्रेत कुस्ती लांबली. गडी भारी होता, पण अर्ध्या तासानं त्याला धाप लागली. माझा दम शाबूत होता. पट काढून मी त्याला चीत केलं. लोकांनी खांद्यावर घेतलं, तेव्हा वस्ताद एवढंच म्हणाले, "खाली उतरवा त्याला. जेवू द्या, निजू द्या. मिरवनूक उद्या."

दोन वर्षांनी काकूंना क्षय झाला. वस्ताद त्यांच्या खाटेपासून हलेनात. आम्ही पाळ्या लावल्या, म्हणालो, "तुम्ही जरा पडा, आम्ही बसतो."

ते म्हणाले, "ती माझ्या आदी उठायची आन् माझ्या मागनं निजायची. तीस वर्सं. मी साऱ्या गावाचे डोळे बघितले, तिचे न्हाई."

काकू गेल्या. वस्तादांचं अंग वाळून गेलं. लेक त्यांना आपल्या सासरी न्यायला आली, त्या दिवशी ते निरोप घ्यायला आमच्याकडे आले. माझं नुकतंच लग्न झालं होतं. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "सूनबाई, तुमी कवा निजता?"

ती लाजून माझ्याकडे बघू लागली. ती कधी निजते, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या पाठीवरून हात फिरवून वस्ताद गाडीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जोर काढायला गेलो नाही. तिला जाग येणार नाही अशा बेतानं उठलो आणि चूल पेटवायला बसलो.