शुक्रवारी विझलेली भट्टी

माझा धंदा विजेच्या भट्ट्यांचा. वायरीतून वीज सुखासुखी जात नाही, अडते, म्हणून वायर तापते. त्या अडण्यावर माझं घर चाललं. राहायला उल्हासनगरच्या कॅम्प पाचात आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःच्या हिमतीवर घेतलेला पत्र्याचा गाळा. ऐंशीचं दशक सरत आलं असताना एक गिऱ्हाईक आलं. वीज अजिबात अडणार नाही असा पदार्थ भाजायला त्यांना माझी भट्टी हवी होती!

ते राहायचे कुळगावात, नोकरी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत. मी त्यांना सर म्हणायचो. त्यांनी मला समजावलं ते असं: यिट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या संयुगांची पूड भाजून काळी टिकली करायची. आत तांबं आणि ऑक्सिजन यांचे थर, चिरोट्याला असतात तसे. ऑक्सिजनच्या झोतात टिकली सावकाश गार केली की थरांत जास्तीचा ऑक्सिजन मुरतो. मग कडक थंडीत वीज तिच्यातून न अडता वाहते. झटकन गार झाली तर सगळं फुकट.

"म्हणजे मोजूनमापून केलेली भेसळच की."

"तसंच समजा, शेठ. पण इथे भेसळ कमी पडली तर माल खोटा."

भावावरून आम्ही तासभर भांडलो. शेवटी मी हो म्हटलं, भट्टी बांधली आणि तिच्या पुढच्या पत्र्यावर माझ्या नावाची, घरच्या पत्त्याची पाटी चार स्क्रूंनी बसवली. एवढ्या लांब नळीची भट्टी दुसरं कोणी घेणार नव्हतं. हे मला कळत होतं आणि त्यांनाही.

चाचणी माझ्याच गाळ्यात व्हायची होती. सरांना रजा मिळाली गुरुवारची.

"सर, शुक्रवारी आमच्या वसाहतीत लाइट नसते. सुट्टीच असते."

"अहो, त्याच्या आत होऊन जाईल."

नाही झालं. भट्टी अजून चांगली तापलेली असतानाच लाइट गेली आणि नळी भसाभस गार झाली. टिकली दिसायला काळीभोर, पण वीज अडतच होती.

पुढच्या आठवड्यात सर दारातच उभे राहिले. "मोठे साहेब म्हणाले, उल्हासनगरचा माल, दुसरं काय होणार!"

"गाळा अंबरनाथला आहे!"

"पाटीवर पत्ता उल्हासनगरचा आहे ना."

"आणि लाइट गेली होती, ते सांगितलंत त्यांना?"

सरांनी बुटाची नाडी बांधायला घेतली. मी हातातली पक्कड भिंतीवर फेकली. त्या काळी आमच्या गावाचं नाव घेतलं की लोक हसायचे, डुप्लिकेट म्हणायचे. ती हसणारी तोंडं आठवली की अजून माझं डोकं फिरतं.

"रविवारी परत लावू," मी म्हणालो. "आणि या वेळी तुम्ही इथून हलायचं नाही."

आमच्याकडे रविवार कामाचा. आजूबाजूला लेथ खडखडत होते. धूळ नको म्हणून शटर खाली ओढलेलं. आत भट्टीची धग, आम्ही दोघं घामाने निथळत, आणि बटण केसभर फिरवून पुन्हा वाट बघायची. बाहेर पडायची सोय नव्हती.

सोमवारी सर बदलापूरच्या गुरांच्या रेतन केंद्रातून द्रवरूप नायट्रोजन घेऊन आले. वीर्य गोठवून ठेवायला तिथे तो असतोच, ओळखीच्या डॉक्टरांनी दिला होता. वाटीत टिकली ठेवून तो ओतला. पांढरी वाफ उसळली. वर सोडलेलं इवलंसं लोहचुंबक टिकलीला न टेकता अधांतरी राहिलं. मी आगकाडीने ढोसलं. ते जागच्या जागी गोल फिरलं, पण पडलं नाही. टिकलीत वीज न अडता वाहत असली तरच असं होतं, हे सरांनी आधीच सांगितलं होतं.

"आता सांगा तुमच्या साहेबांना."

"भट्टी घेतायत, शेठ. फक्त पाटी काढून द्या. बाहेरचे पाहुणे येतात बघायला."

"आणि शुक्रवारचं?"

"ते आता कशाला उकरून काढायचं?"

पाटी मागच्या बाजूला लावतो म्हटलं. नाही. झाकणाच्या आतून? तेही नाही. भट्टी ठेवून घेतली असती तर गाळ्यात गंजली असती आणि डुप्लिकेटचा शिक्का कायमचा बसला असता. दिली तर ती चालणार होती, पण माझी म्हणून नाही. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पाटी काढली.

"तेवढी भोकं बुजवून रंग मारून द्या," सर म्हणाले.

"ते भावात बसत नाही."

टेम्पोत चढली तेव्हा भट्टीच्या पुढच्या पत्र्यावर चारही भोकं उघडी होती.